जाकीट नसलेले विरोधात

आमच्यापैकी कुणीही राज्य करायचं म्हणून राज्यशास्त्र घेतलं नव्हतं. इंग्रजीची भीती होती, अर्थशास्त्रात आलेख काढावे लागत आणि संस्कृतला शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून उरलेले आम्ही तीस जण औरंगाबादच्या त्या लहानशा आर्ट्‌स कॉलेजात, पत्र्याच्या खोलीत राज्यशास्त्राला बसलो. आमचे सर स्वतःला विभागप्रमुख म्हणवून घेत. विभागात ते एकटेच होते.

सरांकडे हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं. त्यातून ते नोट्स सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. स्वल्पविरामसुद्धा ते मोठ्यानं उच्चारत. मागच्या बाकांवरची मुलं तोही शब्द इमानदारीनं वहीत उतरवून घेत. आणीबाणीच्या काळात त्या रजिस्टरात शिस्तीचे फायदे असं एक पान होतं, असं वरच्या वर्गातली मुलं सांगत. आमच्या वेळेपर्यंत त्या पानावर दुसरं पान खळीनं चिकटवलेलं होतं आणि त्यावर स्वातंत्र्याचे फायदे होते. दोन्हीकडे मुद्दे सातच. दर जूनमध्ये पहिल्या तासाला सर म्हणत, "दिल्लीची राजधानी उचलून आपल्या दौलताबादेला आणणारा तो सुलतान म्हणजे या विषयातला पहिला नापास विद्यार्थी!" मग ते थांबत. आम्ही हसल्याशिवाय तास पुढं सरकत नसे.

वर्षातून एकदा मात्र विभागाला तुरा फुटे. अभिरूप संसद भरे. मुलांनी खासदार व्हायचं, सरकारवर अविश्वास ठराव आणायचा, चर्चा करायची आणि ठराव फेटाळायचा. सगळी भाषणं सर स्वतः लिहीत, विरोधकांचीही. त्यांच्या संहितेत कंस असत : 'येथे गदारोळ, दोन मिनिटे.' दोन मिनिटं झाली की म्हातारा शिपाई घंटा वाजवी आणि गदारोळ संपे. या शिपायानं निजामाचं राज्य पाहिलं होतं, नंतर पोलीस ॲक्शनही पाहिली होती. आमची तालीम बघून तो एकदा म्हणाला, "हुजूर के जमाने में बी राज एकच का था बेटा, पन इत्ती रिहर्सल नई होती थी."

मला सभापती केलं होतं. बाई मधोमध असली की फोटो बरा येतो, असं सरांचं मत होतं. शिवाय माझे वडील जिल्हा परिषदेत नोकरीला, त्यामुळे घरी इस्त्रीची साडी असणार, हाही हिशेब त्यांनी केला असावा. संस्थेच्या चिटणीसांचा पुतण्या पंतप्रधान. तो दरवर्षी वर्गात एकदा येई, तालमीला. विरोधी पक्षनेता मात्र सरांनी आवाज ऐकून निवडला. हा मुलगा सोयगावकडचा. घरी मेंढरं. त्यानं वर्गात साधं 'हजर' म्हटलं तरी व्हरांड्यातले लोक वळून बघत.

पण 'हजर' म्हणायला तो फारसा सापडत नसे. दिवाळीनंतर घरचा कळप चाऱ्यासाठी खाली उतरे आणि त्याला दीड महिना बरोबर जावं लागे. त्यामुळे हजेरी भरत नव्हती. हजेरी भरली नाही की टर्म मिळत नाही, टर्म मिळाली नाही की बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. एरवी एखाद्यानं वर्ष पुन्हा केलं असतं. याच्या बापानं बजावलं होतं, "औंदा झालं तर झालं, नाय तर काठी घे अन् कळपामागं चल." हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

सरांनी त्याला बोलावून घेतलं. मी रजिस्टर न्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"संसदेत नीट बोल. पाहुणे खूश झाले पाहिजेत. हजेरीचं मी बघतो."

"व्हय सर."

"आणि आपल्या मनाचं काही बोलू नको."

तालमीत त्यानं एकदाच शंका काढली. त्याच्या भाषणाचा शेवट असा होता : 'पंतप्रधानांनी आमच्या सर्व शंकांचे समाधान केले आहे.'

"सर, समाधान झालंय तर ठराव कशाला आणला मंग?"

"तू फक्त बोल," सर म्हणाले. "विचार मी केलेला आहे."

सरकार पक्षात वीस आणि विरोधात नऊ अशी विभागणी होती. सरकारनं पांढरे कपडे आणि वर जाकीट घालायचं, असा सरांचा हुकूम होता. विरोधकांनी घरचे कपडे घातले तरी चालणार होतं. विरोधकांनी थोडं गबाळं दिसावं, असंही सर एकदा म्हणाले. पंतप्रधानांचं जाकीट गुलमंडीवरच्या शिंप्याकडं माप देऊन शिवून आलं. बाकीच्यांच्या घरी जाकिटाचा विषय निघाला तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. शेवटच्या आठवड्यात एकेक खासदार सरांपुढं उभा राहू लागला.

"सर, जाकीट नाही मिळालं."

"काकाचं आण."

"काकाला पण नाही सर."

"बरं बरं, तू विरोधात बस."

असे नऊ जण पलीकडे गेले. सरकार कपड्यावरून पडतंय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. बहुमत म्हणजे काय, यावर सरांनी आम्हाला पाच पानं सांगितली होती. त्या पाच पानांत 'मोजा' असं कुठंच नव्हतं.

संसदेच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. दोन निवडणुका हरलेले एक पुढारी होते. हरलेल्याला वेळ असतो म्हणून ते सहज मिळत. सुरुवातीलाच त्यांनी दौलताबादेच्या सुलतानाचा विनोद सांगितला. सर असे हसले की जणू पहिल्यांदाच ऐकतायत. मग पाहुणे खुर्चीत मागं टेकून डोळे मिटून लोकशाही ऐकू लागले.

सगळं कंसांप्रमाणे चाललं. गदारोळ झाला, घंटा झाली. पंतप्रधानांनी कागदावरून वाचून देशाची प्रगती केली. विरोधी पक्षनेत्याचं भाषण तेवढं भाषणासारखं वाटलं. पाहुण्यांनी डोळे उघडले. आपल्या शंकांचं समाधान झाल्याचंही त्यानं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की मला ते काही क्षण खरं वाटलं.

आता माझं काम. संहितेत लिहिलं होतं : 'सभापती हात मोजतात. ठराव बहुमताने फेटाळला.' मी म्हटलं, "ठरावाच्या बाजूचे सदस्य." हात वर झाले. मी मोजले. अठरा. "विरोधातले." अकरा. पहिल्यांदा वाटलं माझं चुकतंय. पुन्हा नजर फिरवली. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली होती, "पडलं रे! सरकार पडलं!" पंतप्रधानही बोटानं मोजत होते. तेच मोठ्यानं म्हणाले, "सर, आपण तर पडलो ना!"

सर पडद्याच्या कडेला उभे होते. ओठांनी मला वाक्य देत होते : फे-टा-ळ-ला. माझा हात टेबलावरच्या लाकडी हातोडीवर होता आणि मला एकदम फार शूर वाटू लागलं. तीन वर्षं स्वल्पविराम लिहून घेतल्याचा सूड समोर तयार वाढून ठेवला होता. ठराव मंजूर, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात विरोधी पक्षनेता उठला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. मग पाठीमागं वळला आणि ज्या आवाजात तो डोंगराच्या त्या अंगाची मेंढरं वळवत असेल त्या आवाजात म्हणाला, "हात खाली घ्या रे!"

हात खाली आले. पटापट आले. कुणी विचारलंही नाही.

"सभापती मॅडम," तो म्हणाला, "फिरून मोजा."

फिरून मोजले. ठरावाच्या बाजूनं एक. शेवटच्या बाकावरच्या कुणाचा तरी हात गदारोळाच्या वेळेपासून वरच राहिला होता. मी ठराव फेटाळला. वाक्य पाठ होतं.

पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देशहितासाठी विरोधी पक्ष ऐनवेळी माघार घेतो, ही आपली परंपरा आहे, असं ते पाऊण तास बोलले. सरांनी ती कल्पना आपलीच असल्यासारखी मान लववली. पुढच्या वर्षी मी दाखला न्यायला गेले तेव्हा तालीम चालू होती. कुणीतरी नवा मुलगा बारीक आवाजात म्हणत होता, "हात खाली घ्या रे," आणि सर त्याला सांगत होते, "थोडं करुण. आणि वळताना फोटोकडं पाठ नको." संहितेत तसा कंस पडला होता.

पण मी सांगत होते ती गोष्ट फेब्रुवारीतली. संसदेनंतरचा आठवडाभर मी त्या मुलाशी बोलले नाही. सरांचा मला तिटकारा होताच, त्यात आता त्याची भर पडली. लाचार माणसाविषयी जे जे वाईट बोलता येतं ते मी मनात बोलून घेतलं, आणि ते सगळं नोट्सच्याच भाषेत होतं, हेही तेव्हा कळलं नाही.

टर्म मिळालेल्यांची यादी फलकावर लागली तेव्हा तो माझ्या आधी तिथं उभा होता. नावापुढं हजेरी होती : पंचाहत्तर टक्के. बरोबर पंचाहत्तर. माझ्या नावापुढं त्र्याण्णव. यादी वाचून झाल्यावरही तो काही वेळ आपल्या नावाकडंच बघत राहिला.

माझ्यानं राहवलं नाही. "अठरा जण होतात तुम्ही," मी म्हटलं. "मी मंजूर म्हणणार होते. तुम्ही बसून राहिला असता तरी चाललं असतं."

"माहिताय," तो म्हणाला. "तुमचं तोंड उघडलेलं दिसलं मला."

"मग?"

"तुमची टर्म भरली होती ना मॅडम."

त्यात टोमणा नव्हता. तो दोन पावलं गेला आणि परत आला.

"दिवाळीनंतरच्या नोट्स नाय माझ्याकडं. वही द्याल का?"

मी दिली. सगळी दिली, स्वल्पविरामांसकट.