घडीव की ओतीव

मोटरीचा कोणताही पार्ट हातात आला की मिस्त्री तो आधी सुतळीला टांगायचा. पान्यानं हळूच टोला द्यायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि सांगायचा, "बोलते. असली आहे." नाहीतर, "मुका आहे. ने वापस."

गोंदियात रेल्वे फाटकाजवळ त्याचं टिनाचं गॅरेज होतं. इंजिनापेक्षा गिऱ्हाइकाशीच जास्त बोलणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. हा तसा नव्हता. कंपनीचा पार्ट ठोकून घडवलेला, तो घंटेसारखा वाजतो. नकली पार्ट साच्यात ओतलेला, तो ठक्क करतो. एवढंच त्याचं शास्त्र. पण बालाघाटपासून लोक नुसता माल ऐकवायला त्याच्याकडे यायचे. त्याचं पोट त्या कानावर होतं.

मी दवनीवाड्याच्या मालगुजाराचा ड्रायव्हर. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली होती, विलायती मोटर गोठ्यात उभी होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत. पोरीची पाठवणी त्याच मोटरीतून करायची, हा मालकाचा हट्ट. मिस्त्रीनं तीन महिने खपून ती उभी केली. "एक बी पार्ट नकली निघाला तर माझं नाव बदलजा," म्हणायचा.

शेवटी राहिला स्टेअरिंगचा दांडा. तो रस्त्यात तुटला की मोटर ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. कलकत्त्याहून दोन आले. एक जुन्या मोटरीचा काढलेला, गंजका. दुसरा नवा, काळा रंग मारलेला. मालक आणि पाचसात लोक पाहायला जमले. मिस्त्रीनं दोन्ही टांगले, वाजवले आणि काळा पुढे केला. "हा बोलते. हाच लावू."

मी शेजारीच होतो. काळा ठक्क वाजला होता, गंजका खणखणला होता.

"उलटं सांगून राहिला तू, मिस्त्री," मी म्हटलं. "बहिरा झाला काय?"

लोक हसले. तो हसला नाही. त्यानं गंजका दांडा दातात धरून टोला दिला, कानाऐवजी हाडातून ऐकायला. मग काळा धरला. तो बराच वेळ तोंडातून काढलाच नाही. काढला तेव्हा म्हणाला, "ड्रायव्हर बरोबर आहे, मालक. गंजका लावतो."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बाजूला नेऊन काऊन नाही सांगितलं?" आज ती असती तर हे लिहायला बसलो नसतो, तिलाच सांगितलं असतं.

पाठवणी झाली. मोटर छान चालली. गोष्ट मात्र गावभर झाली. बालाघाटवाले यायचे थांबले, आणि दिवाळीआधीच गॅरेजला कुलूप लागलं.

दोनेक वर्षांनी तो देवरीच्या मोटर स्टँडवर दिसला. तेंदूपानाच्या कामावर चालला होता.

"मोटर चालते का गा?"

"चालते," मी मान हलवली. मग म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यानं कानामागे हात धरला. "काय म्हणतेस? जोरानं बोल ना."

बाकावर दहा माणसं बसली होती. सगळी आमच्याकडेच पाहत होती.

"काही नाही," मी ओरडलो. "चहा घे म्हटलं."

त्यानं चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे पाहत सावकाश प्याला. मग त्याची मोटर लागली. पुन्हा तो दिसला नाही.