डाव्या हाताचा सांधा

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे डावऱ्या म्हणत. पक्कड, चाकू, काळी टेप, सगळं डाव्या हातात. वय अठ्ठावन्न. कुणालाच न सापडणारा शॉर्ट तो शोधतो, म्हणून लोक लांबून यायचे.

एका सकाळी टो करून आणलेली गोल दिव्यांची जुनी गाडी शेडसमोर उभी राहिली, तेव्हा त्याने ती लांबूनच ओळखली. बावीस वर्षांपूर्वी ही गाडी याच शेडमध्ये पेटली होती. तेव्हा गॅरेज दोघा भावांचं होतं. इंजिनं थोरला दादा बघायचा, वायरिंग डावऱ्या. बॉनेटवर वाकून सिगारेट ओढताना दादाला लोकांनी पाहिलं होतं. थोटकाने आग लागली असं ठरलं. गिऱ्हाइकं तुटायला लागली, तेव्हा डावऱ्यानेच सांगितलं होतं, "दादा, तू आता येत जाऊ नकोस." पुढे दादाने गोदामात पोती उचलली. डावऱ्या दरवर्षी त्याच्याकडे जायचा आणि निघताना म्हणायचा, "झालं गेलं विसर. माझ्या मनात काही नाही."

मालक आता हयात नव्हता. त्याची मुलगी म्हणाली, "इतकी वर्षं गाडी झाकून पडली होती. वायरिंग सगळी नवी टाका."

डॅशबोर्डाखाली कोळसा झाला होता, पण इंजिनाकडच्या वायरी शाबूत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा जुडगा सोडवताना त्याला एक लाल वायर जास्तीची दिसली. बॅटरीवरून थेट, फ्यूज न लावता घेतलेली. सांध्यावरची टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली होती, डावखुरा माणूस गुंडाळतो तशी. पत्र्याच्या छिद्रातून ती आत गेली होती आणि वायर पत्र्याला घासू नये म्हणून लावतात ते रबर छिद्राला नव्हतं. नेमकं तिथेच तांबं वितळून त्याचा मणी झाला होता.

तो खाली फरशीवरच बसला. आगीच्या आठवडाभर आधी त्याने या गाडीला रेडिओ बसवला होता. रबर संपलं होतं. उद्या घालू म्हणाला होता.

तेवढा तुकडा कापून तो तसाच, हातसुद्धा न धुता दादाच्या घरी गेला. दादा गरम पाण्यात पाय सोडून बसला होता.

"दादा, ती आग माझ्या वायरने लागली."

दादाने तुकडा हातात घेतला. खिडकीकडे धरून पाहिला, मण्यावरून अंगठा फिरवला.

"मी सिगारेट बुटाखाली विझवली होती," तो म्हणाला. "पण सगळेच म्हणायला लागले, तेव्हा मलाही वाटलं, नसेल विझली."

दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "आणि भावोजी, तुम्ही दरवर्षी येऊन यांना माफ करत होतात."

डावऱ्याला मान वर करता येईना.

"रविवारी आक्काकडे सगळे जमतील," दादा म्हणाला. "तिथे सांग. माझ्यासमोर."

थोरल्या बहिणीच्या बैठकीच्या खोलीत, चौदा माणसांपुढे, डावऱ्याने रेडिओपासून सगळं सांगितलं. दादाचा मुलगा उठून बाहेर गेला तो परत आला नाही. आक्का दादाकडे बघत एवढंच म्हणाली, "मी याला कित्येक वर्षं घरात घेतलं नव्हतं रे."

गाडीच्या मालकिणीलाही त्याने तुकडा दाखवला. "काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर द्या," तो म्हणाला. ती स्टुलावर बसली. "बाबा शेवटपर्यंत तुमच्या दादांच्या नावाने बोटं मोडत होते," ती म्हणाली. मग तिने दादाचा पत्ता लिहून घेतला. काम मात्र डावऱ्याकडेच ठेवलं.

महिन्याभराने गाडी तयार झाली. प्रत्येक वायरीला फ्यूज, प्रत्येक छिद्राला रबर. मुलीने डावऱ्याला शेजारी बसवून ती थेट दादाच्या दारात नेली. खाली उतरून म्हणाली, "काका, आमच्या घरातून तुम्हाला फार बोललं गेलं. माझं चुकलं नसलं तरी मीच माफी मागायला हवी."

दादाने डावऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चालू इंजिनाला कान देऊन उभा राहिला, मग बॉनेट उघडलं.

"टॅपेट ढिले झालेत, वाजतायत," तो म्हणाला. "गाडी बंद कर, आणि पाने आण."

डावऱ्याने किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि तो डिकीकडे धावला.