दौगावाकाठचा सनी

भीमराज सोनटक्के चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी बायको वारली आणि मुलगा सनी शिकायला लॅटव्हियातल्या रीगा शहरात गेला. रहाटणीच्या घरात ते एकटेच उरले.

रविवारी सनीचा व्हिडिओ कॉल यायचा. यावेळी त्यानं गोठलेली दौगावा नदी दाखवली. बर्फाला भोक पाडून माणसं मासे धरत बसली होती.

"पप्पा, हे शहर आठशे वर्षांचं आहे. जुने लोक सांगतात, नदीतून कुणीतरी वर येऊन विचारतं, रीगा बांधून झालं का? हो म्हटलं की शहर बुडणार. म्हणून नाहीच म्हणायचं."

भीमराज बऱ्याच दिवसांनी हसले. "मग आपल्याला भीती नाही. इथं रोज रस्ता खोदतात."

सनीही हसला, मग म्हणाला, "पप्पा, मला इथंच नोकरी लागलीय. परत येणं लांबेल."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "कानटोपी घालत जा."

फोन ठेवल्यावर त्यांना घरात बसवेना. काळेवाडीच्या पुलावर जाऊन ते पवना नदीचं पाणी बघत उभे राहिले.

"काका, कुणाची वाट बघताय?" कणसं भाजणाऱ्या बाईनं विचारलं.

"कुणाची नाही."

"मग बसा की," म्हणत तिनं रिकामा क्रेट पुढं सरकवला. भीमराज बसले.