बाबांची पाठ

आज सकाळी लेकीच्या मॅचआधी टेनिस बॉलचा नवा डबा फुस्स करून उघडला आणि रबराच्या त्या उग्र वासानं मला माझ्या शाळेतल्या टीम लीगमध्ये नेलं. इथंच, चेन्नईत.

दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटची मॅच माझी होती. बाबा श्रीपेरुंबुदूरची पाळी संपवून, कारखान्याच्या शर्टातच थेट आले होते. पालकांनी जाळीबाहेर उभं राहायचं, अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता.

समोरच्या मुलीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिचा फटका माझ्या मागच्या रेषेला पुसटसा शिवून गेला. आमच्या लीगमध्ये पंच नसायचा. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. माझ्या टीमच्या मुली डोळे फाडून माझ्याकडे बघत होत्या. मी बाबांकडे पाहिलं, तर त्यांनी चक्क पाठ फिरवली.

"इन," मी कसंबसं म्हणाले. आम्ही हरलो.

वेस्ट मांबलमला घरी पोचेपर्यंत मी धुमसत होते. "तुम्हाला बघवलंसुद्धा नाही ना?"

"आधी पाणी पी," बाबा एवढंच म्हणाले. तो राग मी वर्षानुवर्षं जपला.

आज लेकीच्या रेषेवर तसाच बॉल पडला. तो मला स्पष्ट दिसला होता. तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला उत्तर सापडणार, हे कळलं आणि मी झटकन पाठ फिरवली.

मागून तिचा आवाज येईपर्यंत मला श्वास घेता आला नाही.