जाळरेषा

मार्टिन होगनच्या चारचाकी क्वाड बाइकवर मागे लाल कॅन बांधलेला दिसला. आठवड्यातली ही दुसरी खेप. पुरुषोत्तम आप्पांनी ते मनात टिपून ठेवलं आणि हेदरच्या झुडपाआड हळूच खाली बसले.

चौतीस वर्षं वनखात्यात काढलेल्या माणसाला लपून बसण्याची लाज वाटत नाही. वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी जावळीच्या खोऱ्यात. या नोकरीनं त्यांना एक गोष्ट शिकवली होती. जंगलातून माणूस बाहेर आला की आधी त्याचे हात बघायचे, मग तोंड. तोंड खोटं बोलतं. हातांना मात्र डिंकाचा, रक्ताचा नाहीतर रॉकेलचा वास येतोच.

पण ही जावळी नव्हती. परदेशात, एनिस नावाच्या शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात त्यांची मुलगी नंदिनी राहत होती. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात ती इंजिनिअर होती. वीस सालच्या फेब्रुवारीत आप्पा तिच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले. मग विमानं बंद झाली. पुढे ती सुरू झाली, तेव्हा नंदिनीनं जाऊ दिलं नाही. एकट्या बापाला साताऱ्याच्या रिकाम्या घरात कसं सोडणार? व्हिसाची मुदत सरकार आपणहून वाढवत राहिलं, आणि बघता बघता दुसरा एप्रिल आला.

या चौदा महिन्यांत आप्पांना तारून नेलं ते नॉकडफ नावाच्या डोंगरानं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा आप्पांनी नाक मुरडलं होतं. "ह्येला डोंगर म्हनायचं? झाड न्हाई, कडा न्हाई. उताना झोपलेला रेडा हाय नुसता." पण टाळेबंदीत घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरता यायचं, आणि तेवढ्यात दुसरं काही नव्हतं. रोज जाता जाता रेडा ओळखीचा झाला. लाकडी पायऱ्यांवरून कुंपण ओलांडलं की जमीन बदलायची. पाय गादीत रुतल्यासारखे आत जायचे आणि परत वर यायचे. गुडघ्याएवढं काळपट हेदर, त्यातून मेंढ्यांनी पाडलेल्या बारीक वाटा, डबक्यांत बेडकांची अंडी. कडेच्या पिवळ्या काटेरी झुडपांना उन्हात ओल्या खोबऱ्याचा वास यायचा. पहिल्या दिवशी त्या वासानं आप्पा जागीच थांबले होते. माथ्यावर पोचलं की दूरवर शॅनन नदीचं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं पडलेलं दिसे, आणि डोक्यावर कुठूनतरी चंडोल बोलत असे. तिथं उभं असताना आप्पा कुणाचे पाहुणे नसत.

तो एप्रिल कोरडा गेला. पूर्वेचा गार वारा पंधरा दिवस वाहत होता. मागच्या वर्षीचं गवत पांढरं पडून चुरचुर वाजायला लागलं. असं गवत आप्पांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्याला ते वणव्याचं गवत म्हणत.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी विषय काढला. "नंदे, त्यो होगन डोंगरावर कॅन घिऊन का जातो?"

"आप्पा, त्याच्या मेंढ्या आहेत तिथं."

"मेंढ्या काय राकेल पित्यात?"

नंदिनी हसली. "तो आपला शेजारी आहे, तुमच्या खात्यातला आरोपी नाही. मागच्या ख्रिसमसला केक दिला होता त्यानं."

"आमच्या तिकडं लाकूडचोर मधाचं पोळं द्यायचा." आप्पांनी कप खाली ठेवला. "म्हातारं हेदर जाळलं की कवळं गवत येतं, आन् कवळ्या गवतावर मेंढरं येत्यात. आमचे गवळी बी ह्येच करायचे. हितं जाळायला बंदी हाय का न्हाई, तेवढं बग."

नंदिनीनं फोनवर पाहिलं. बंदी होती, मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत.

"बग," आप्पा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला जाताना बागेच्या शेडमधली मोठी कात्री आणि दाताळं घेऊन जाऊ लागले. नंदिनी दिवसपाळीला होती, तिला पत्ता नव्हता. कुंपणाच्या पायऱ्यांपासून शंभर पावलं वर, जिथं पिवळी झुडपं संपून हेदर सुरू होतं, तिथं त्यांनी आडवी पट्टी साफ करायला घेतली. हेदर कापायचं, गवत दाताळ्यानं ओढायचं, काळी माती उघडी करायची. रुंदी दोन हात. फेब्रुवारी लागला की खात्यात अशीच जाळरेषा काढत. खालून आग आली की तिथं तिला खायला काही मिळत नाही. चार दिवसांत साठ पावलं पट्टी झाली. कंबर दुखत होती, पण कितीतरी महिन्यांनी रात्री सलग झोप लागत होती.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, होगन दारात आला. साठीचा, लाल मानेचा, मास्क हनुवटीखाली. दारापासून दोन मीटर मागेच उभा राहिला आणि नंदिनीशी बोलला. आवाज चढला नव्हता, पण ती आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आप्पा, काय केलंत तुम्ही डोंगरावर?"

"का?"

"तो म्हणतो, तुझे वडील आमचा डोंगर पेटवायला निघालेत."

आप्पांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"इथं डोंगर जाळायचा असला की लोक आधी अशीच पट्टी साफ करतात. आग हवी तेवढीच राहावी म्हणून. त्यानं चार दिवस दुर्बिणीतून पाहिलंय तुम्हाला. हा डोंगर अकरा घरांचा सामायिक आहे. फिरायला येऊ देतात ते त्यांच्या मर्जीनं, आपला हक्क नाही. आग लागली तर अकराही घरांना जाब द्यावा लागेल. म्हणून उद्यापासून तुम्ही कुंपण ओलांडायचं नाही, म्हणतोय. ओलांडलंत तर पोलिसांना फोन करेल."

चौतीस वर्षं वणवे विझवले, दोनदा भुवया जळल्या, आणि आता आपण आग लावणारे. आप्पांच्या कानशिलांत रक्त चढलं. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, अधिक गार. उद्या सकाळी उठून जायचं कुठं?

त्यांनी बूट घातले. "तेला म्हनावं, वर चल. तिथं बोलू. आन् येताना कॅन आन."

तिघं वर गेले. पुढे होगन क्वाडवरून सावकाश, मागे आप्पा, मध्ये नंदिनी. पट्टीपाशी होगन उतरला. आप्पांनी हातवारे करून दाखवलं: लोक इथून येतात, सिगारेट टाकतात, आग खालून वर चढते, इथं येऊन थांबते. नंदिनी भाषांतर करत होती.

होगननं बुटाच्या टाचेनं पट्टीतली काळी माती उकरली, मूठभर उचलली आणि आप्पांपुढे धरली. वाऱ्यानं ती वरून कोरडी, भुसभुशीत झाली होती.

"तो विचारतोय, हे काय आहे?"

"माती."

"तो म्हणतो, ही माती नाही. हे पीट आहे, कुजून दबलेलं गवत, हेच आम्ही सरपण म्हणून शेगडीत घालतो. तुम्ही आगीला अडवलं नाहीत, तिच्यासाठी वात काढून ठेवलीत."

आप्पांनी वाकून पट्टीतली एक चिमूट बोटांत चुरली. सह्याद्रीत गवत खरवडलं की मुरूम लागतो, आणि मुरूम जळत नाही. शेजारच्या अंगणात शेगडीसाठी रचलेल्या पीटच्या काळ्या विटा त्यांनी रोज पाहिल्या होत्या. आपण पाय ठेवतो तीच ही जमीन, हे चार दिवसांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. चूक त्यांची होती, आणि ती मोठी होती.

"बरोबर हाय तेचं," ते म्हणाले. मग क्वाडपाशी गेले, लाल कॅनचं झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. "पेट्रोल. कशाला?"

"बाइकसाठी," होगन म्हणाला. हे भाषांतराविना कळलं.

"घरापासून डोंगरापर्यंत दोन मैल. टाकी घरी भरत न्हाईस? आन् हातांना वास का येतोय?"

नंदिनी घुटमळली. "आप्पा, असं नाही विचारता येत."

"जसं म्हनलो तसंच सांग."

तिनं सांगितलं. होगनची मान आणखी लाल झाली. त्यानं हात खिशात घातले. मग तो त्या म्हाताऱ्या, लाकडासारख्या झालेल्या हेदरकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"तो म्हणतो, मनात येतं माणसाच्या. आलं म्हणजे केलं असं नाही."

"माज्याबी मनात काई नव्हतं," आप्पा म्हणाले. "तरी तू पोलिसाला फोन करनार व्हतास."

होगन एकदम हसला, नाकातून. मग त्यानं अट घातली. उघडं पाडलेलं पीट कापलेल्या हेदरनं झाकायचं नाही, ओल्या गवताच्या ढेकळांनी बुजवायचं, दोघांनी मिळून. पुढे फिरायला यायचं तर रोज सकाळी दहाला, तो मेंढ्या मोजायला येतो तेव्हाच. त्याच्या डोळ्यांसमोर.

"चालंल," आप्पा म्हणाले. "आन् कॅन घरी ऱ्हाईल. बाइक रोज मी माज्या डोळ्यानं बगनार."

नंदिनीनं ते जरा मऊ करून सांगितलं. होगन आप्पांकडे बघूनच उत्तरला, "ग्रँड." इथल्या बोलीत, ठीक आहे.

पट्टी बुजवायला तीन सकाळी गेल्या. त्यानंतरही रोज दहाला दोन म्हातारे नॉकडफवर दिसू लागले, दोन मीटर अंतर ठेवून, फारसं न बोलता. नंदिनीच्या मैत्रिणी म्हणाल्या, किती गोड, आप्पांना मित्र मिळाला. नंदिनीनं ते आप्पांना सांगितलं.

"मित्र कसला," आप्पा बुटाच्या नाड्या बांधत म्हणाले. "तेला एकटं सोडायचं न्हाई म्हनून जातोय."

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी दोघं माथ्यावर उभे असताना दक्षिणेकडच्या लांबच्या डोंगरामागून पिवळट धूर चढू लागला. होगननं दुर्बीण लावली, मग ती आप्पांना दिली. अंतर मोडून दिलेली ती पहिलीच वस्तू. आप्पांनी बराच वेळ पाहिलं. धूर रुंद होत होता, वारा त्याला समुद्राकडे ढकलत होता. इथं काही येणार नव्हतं.

दुर्बीण परत करताना दोघांची नजर एकाच वेळी खाली गेली. आप्पांनी होगनचे हात पाहिले. होगननं आप्पांचे.

मग दोघं मेंढ्यांच्या वाटेनं खाली उतरू लागले. पुढे कुणी चालायचं यावर त्यांचं अजून एकमत झालं नव्हतं, म्हणून शेजारी शेजारी, एक जण वाटेवरून आणि एक जण हेदरमधून.