खोबरेल, किल्ली आणि सकाळचे आठ

गाडी विकली का, असं लोक मला अजून विचारतात. मांडवीच्या रस्त्यावर विचारतात, मासळी घेताना विचारतात. दाढ काढताना डॉक्टरांनीही विचारलं होतं, पण तोंडात कापूस असल्याने तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. नाही विकली. विकणारही नाही.

गाडी म्हणजे दोन दारांची, बसकी, लालभडक, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. वय पंचवीस-तीसच्या मधलं. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस घराला नवीन पत्रे घालतो, नाहीतर गुडघे बदलून घेतो. मी ही गाडी घेतली. आमच्या रस्त्यांवर ती प्रत्येक गतिरोधकाला पोट टेकून पुढे जाते. आत शिरायचं तर आधी डोकं, मग एक पाय, मग देवाचं नाव. उतरताना कुणाला तरी हात द्यावा लागतो. हे सगळं मला मान्य आहे. तरीही.

तिला चोरांपासून राखण्यासाठी बनवणाऱ्यांनी एक युक्ती केलेली आहे. किल्लीच्या पात्यात मसुराच्या डाळीएवढा काळा ठिपका आहे. किल्ली लॉकमध्ये गेली की आतले दोन बारीक काटे त्या ठिपक्याला दोन बाजूंनी टेकतात आणि त्यातून वीज किती जाते ते मोजतात. मोजमाप जुळलं तरच इंजिन चालू होतं. नाही जुळलं, तर समोर लाल दिवा लुकलुकायला लागतो. म्हणजे गाडीच्या मते तुम्ही चोर. मग किल्ली काढून चार मिनिटं निमूट बसायचं, दिवा विझला की पुन्हा अर्ज करायचा.

दिवाळीच्या सुमाराला ही किल्ली जड फिरायला लागली. समुद्राजवळच्या घरात सगळंच जड फिरतं, कड्या, बिजागऱ्या, माणसांच्या माना. अशा वेळी आमच्याकडे जे करतात ते मी केलं. घाण्यावरून काढून आणलेलं घरचं खोबरेल चार थेंब लॉकमध्ये सोडलं. किल्ली अशी फिरू लागली की मी दोन दिवस उगाचच फिरवून बघत होतो.

डिसेंबरात बायकोच्या भाचीचा साखरपुडा होता, पोफळीला, तिथल्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत. सकाळी सातला निघायचं ठरलं. बायको नऊवारी सावरत, डोकं वाकवून आत बसली. मी किल्ली फिरवली. लाल दिवा. चार मिनिटं बसलो. पुन्हा लाल दिवा. असे सहा वेळा चोर ठरल्यावर आम्ही एसटी पकडली. पोहोचलो तेव्हा मुलीची ओटी भरून झाली होती आणि लोक हात धुवायला उठत होते. बायकोची थोरली बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "या या, लाल गाडीवाले. उतरून ढकलत आणलीत की काय?"

परतीच्या प्रवासात चिपळूण मागे पडलं आणि बायकोने निकालच दिला. "लग्न जानेवारीच्या शेवटी आहे. त्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी बरोबर आठला, ही गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली तर राहील. नाहीतर मिरजोळ्याचा भंगारवाला घेऊन जाईल. मी त्याला सांगून ठेवते."

"आठलाच का? दुपारी बघ ना," मी म्हणालो.

"लग्नं दुपारी उजाडत नाहीत."

आता गंमत बघा. ती गाडी दुपारी चालू व्हायची. सकाळी मला चोर म्हणणारी गाडी बारा वाजता सुतासारखी सरळ. मी ती घेऊन मिरजोळ्याला वायरिंगवाल्याकडे जायचो. हा माझाच जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, कानावर पांढरे केस आलेला. तो किल्ली फिरवायचा आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू.

"सर, हिला काही झालेलं नाही," तो म्हणायचा. "हिचा तुमच्यावरच राग दिसतोय."

तरी त्याने सगळं तपासलं. बॅटरी नीट होती. किल्लीतला ठिपका मीटर लावून मोजला, तोही नीट. स्टेअरिंगखालच्या वायरी एकेक करून पाहिल्या. मग विचारलं, "सर, लॉकमध्ये काही घातलंत का? स्प्रे, ग्रीस, काही?"

"काही नाही," मी म्हणालो.

तीन फेऱ्यांत त्याने तीनदा विचारलं आणि मी तीनदा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी थोडं आवाज चढवून सांगितलं, कारण त्याच्या विचारण्यात मला चौकशीचा वास आला. शेवटी तो म्हणाला, "सर, सोपं करू. ठिपक्याच्या मापाचा एक तुकडा आत कायमचा जोडून टाकतो. मग कुठलीही किल्ली चालेल, हिने चोर ओळखण्याचा प्रश्नच नाही. अर्ध्या तासाचं काम."

"नाही," मी म्हणालो. "पहारेकरी मालकाला ओळखत नाही म्हणून पहारेकरीच काढून टाकायचा? ओळखेल ती मला. तिला ओळखावंच लागेल."

"रविवार कधी आहे, सर?"

"तीन दिवसांवर."

"मग बघा बुवा," तो म्हणाला, आणि नववीत माझं उत्तर चुकीचं वाटलं की जसं बघायचा तसंच माझ्याकडे बघितलं.

त्या दोन दिवसांत थंडी वाढली. बागायतदार खूश होते, मोहोर धरणार म्हणून एकमेकांना थांबवून सांगत होते. मी तेवढा पहाटे उठून, शाल पांघरून, लाल दिव्यासमोर बसत होतो. शुक्रवारी सात वेळा चोर ठरलो, शनिवारी नऊ. शेजारचे गृहस्थ कंपाउंडच्या चिऱ्यांवर हात टेकून बघत उभे राहिले. मी काच खाली करून म्हटलं, "जरा विचार करत बसलोय." त्यांनी मान डोलावली. तसं बसलेल्या माणसाला आणखी काय म्हणणार?

रविवारी सातला आंघोळीला गेलो. आधी डोक्याला तेल लावावं म्हणून बाटली हातावर उलटी धरली. काही आलं नाही. बुडावर थापटी मारली. काही नाही. आत सगळं पांढरं, घट्ट.

बाहेरून बायको म्हणाली, "गोठलंय ते. उन्हात ठेवा म्हणून रोज सांगते."

मी बाटलीकडे बघत राहिलो. दर जानेवारीला मी अशीच बाटली वर्गात नेत असे. पदार्थाच्या अवस्था. आधी गोठलेलं तेल दाखवायचं, मग बाटली खिडकीत उन्हात ठेवायची, तास संपेपर्यंत ते पातळ होत आलं की मुलांना विचारायचं, काय झालं? जन्मभर हा एकच प्रयोग मी न चुकता यशस्वी केला होता. आणि तेच तेल मी स्वतःच्या हाताने त्या दोन काट्यांवर सोडलं होतं. दुपारी पातळ, म्हणून काटे त्यातून ठिपक्याला टेकायचे. सकाळी मेणासारखं घट्ट, त्या थरातून वीज जायचीच नाही. गाडीचं काहीच चुकत नव्हतं.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. पावणेआठ. भंगारवाला वेळेचा पक्का निघाला.

मी बनियन आणि पंच्यावर बाहेर आलो. बायको ओटीवर गुडघ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून बसली होती.

"ती पिशवी दे."

"का?"

"गाडीला शेकायचंय."

तिने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे बऱ्याच गोष्टी मागितल्या आहेत, पण असली मागणी ही पहिलीच असावी. पिशवी पुढे करत ती म्हणाली, "गुडघा गार पडला तर मग बघते तुम्हाला."

मी पिशवी लॉकवर दाबून धरली. किल्ली बगलेत धरली. भंगारवाला हुकाची साखळी खांद्यावर टाकून खिडकीशी आला. "मास्तर, ताप आलाय काय हिला?"

"थंडी वाजतेय."

"आमच्याकडे एकदा आली की मग वाजत नाय ती."

आतल्या घड्याळात आठ वाजले आणि बायकोने ओटीवरूनच सांगितलं, "आठ." मी किल्ली घातली, फिरवली. लाल दिवा.

भंगारवाल्याने मान हलवली आणि साखळी खाली सोडली. चिऱ्यांवरून ती खडखडत गेली. मी पिशवी सोडली नाही. दोन्ही हातांनी दाबून बसलो. उठवायचं तर मला हुक लावा, असं काहीतरी तोंडात आलं होतं. त्याने पुढल्या बंपरखाली वाकून हात घातला.

"थांबा हो," बायको ओटीवरून म्हणाली. "तो दिवा विझेपर्यंत चार मिनिटं थांबायचं असतं. नियम आहे तसा."

हे तिला माहीत होतं. अर्थात, साखरपुड्याच्या सकाळी ती सहा वेळा माझ्या शेजारी बसून होती.

आम्ही तिघंही थांबलो. पिशवीतलं पाणी डुचमळत होतं. लाल दिवा विझला. मी किल्ली पंच्याला पुसली, घातली, फिरवली. आणि गाडीने मला ओळखलं. तिचा आवाज ऐकून शेजारचे गृहस्थ हातात पेपर घेऊनच बाहेर आले.

भंगारवाल्याने साखळी गोळा केली. "पहिल्या झटक्यात नाय झाली, वहिनी," तो म्हणाला.

"दुसऱ्यात झाली," बायको म्हणाली. "चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याने लॉकमधलं सगळं तेल धुवून काढलं. काम संपवून त्याने हात पुसले. मग म्हणाला, "सर, मी तीनदा विचारलं होतं, काही घातलंत का."

"काही घातलं का विचारलंस. खोबरेल घातलं का, असं कुठे विचारलंस?"

"नववीत गोठलेल्या खोबरेलाच्या प्रश्नाला तुम्ही मला शून्य दिलं होतं, सर."

"उत्तर चुकलं होतं तुझं," मी म्हणालो. एवढं ठामपणे मी त्या महिन्यात काहीच बोललो नव्हतो.

लग्नाला आम्ही पहाटे सहाला निघालो, कडाक्याच्या थंडीत. पिशवी बायकोच्या मांडीवर होती, गुडघ्यासाठी म्हणे. पोफळीत मांडवाच्या दाराशी उतरताना मला दोघांनी हात दिला. थोरली मेव्हणी पुढे आली आणि म्हणाली, "विकली म्हणे गाडी?"

मी तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "विकली असती तर आलो कशातून? सरक जरा, दार लावू दे त्यांना."