तार उपटणाऱ्या अक्का

सुमनअक्का दर सोमवारी सकाळी दहा वाजता कचेरीतल्या एखाद्या चालू यंत्राची तार स्वतःच्या हाताने उपटायच्या आणि मोबाइल समोर ठेवून वाट बघत बसायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी धावत जाऊन तार परत लावली होती. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "लावलीस? आता मेसेज कुणाचा येणार, तुझा?"

मोबाइल नुकते हातात आले होते तेव्हाची ही गोष्ट. हुबळीला देशपांडे नगरात एका मालवाहतूक कंपनीच्या मुख्य कचेरीत, संगणकाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. कमरीपेठ, धारवाड, अळणावर इथल्या बुकिंग कचेऱ्या आमच्याशी जोडलेल्या. कुठली जोडणी तुटली की आमच्या खोलीतलं यंत्र आपोआप साहेबलोकांच्या आणि आमच्या मोबाइलवर मेसेज धाडायचं. अक्का धारवाडच्या, आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. संगणक चाळिशीनंतर शिकल्या आणि माझ्यासारख्या इंजिनियरचे कान धरण्याइतका शिकल्या. मेसेज आला की मोठ्याने वाचायच्या आणि कन्नडमध्ये विचारायच्या, "यारू? एल्ली? यावागिंद?" म्हणजे कोण, कुठे, कधीपासून. तिन्ही उत्तरं नसतील तर त्यांच्या लेखी तो मेसेजच नव्हे. "कोणतरी पडलंय म्हणून नुसतं सांगितलं तर डॉक्टर कुठं धाडायचा रे?" अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. आज कौतुकाने लिहितोय, पण तेव्हा मला या प्रश्नांचा वैताग यायचा.

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पंधरा दिवस रजेवर गेल्या आणि मी मेसेज 'सुधारायला' घेतले. मेसेजचा साचा एकच असतो. नावाच्या ठिकाणी त्यात एक व्हेरिएबल असतं, म्हणजे मोकळी जागा. जे बंद पडेल त्याचं नाव यंत्र तिथे भरतं. मेसेज कसा दिसतो ते बघायला मी त्या जागी हातानेच 'अळणावर' लिहिलं, छान दिसतोय म्हणून खूश झालो आणि ते तसंच ठेवून विसरलो.

मग कमरीपेठ पाच-दहा मिनिटं बंद पडो की धारवाड, मेसेज एकच: अळणावर बंद. मी तिथल्या बसप्पाअण्णांना फोन करायचो. "मशीन चालूच हाय की ओ, साहेब," ते म्हणायचे. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला आणि वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला खोटारडा म्हणालो. अण्णा यंत्र बंद करून बाहेर जातात आणि वर खोटं बोलतात, असं मॅनेजरनी ठरवून टाकलं. त्यांना कामावरून काढायचं पत्रही टाइप झालं.

ते पत्र घ्यायला अण्णा सोमवारी सकाळच्या गाडीने आले आणि आमच्या खोलीतल्या बाकावर अंग चोरून बसले. अक्काही त्याच दिवशी रजेवरून परतल्या होत्या. दहा वाजले. त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्याच गोदामातल्या यंत्राची, खोलीत आलेली तार उपटली. मोबाइल वाजला. अळणावर बंद.

तार हातात तशीच धरून अक्कांनी बाकाकडे पाहिलं. "अण्णा, तुमचं बंद पडलंय म्हणे."

"पंधरा दिवस तेच सांगायलोय अक्का. मी खुर्चीवरनं उठलोबी नाही."

अक्कांनी मेसेजचा साचा उघडला. मोकळ्या जागी मी लिहिलेलं 'अळणावर' बसलेलं त्यांना दिसलं, मलाही दिसलं. मी हळूच म्हणालो, "अक्का, सिस्टीमचा दोष होता असं सांगूया?"

"सिस्टीमला नोकरी आहे काय रे जायला? साचा मी नीट करते. आत जाऊन सांगायचं तू."

गेलो. सांगितलं. मॅनेजरनी पत्र फाडलं आणि मला म्हणाले, "तुझं उद्या बघतो." मला वाटलं, सुटलो. बाहेर अक्का उभ्याच होत्या.

"ते मेसेज कितीजणांना गेलेले?"

"अकरा."

"मग अकराजणांना कळू दे की."

मी टाइप करायला घेतलं, 'तांत्रिक अडचणीमुळे...' अक्कांनी ते खोडायला लावलं. "तांत्रिक अडचण कुठल्या गावची रे? तुझं नाव लिही." मी लिहिलं: अळणावर एकदाही बंद नव्हतं. चूक माझी. खाली माझं नाव. अकराही जणांना पाठवलं.

अण्णांकडे मोबाइल नव्हता. अक्कांच्या मोबाइलवर त्यांनी ते वाचून घेतलं आणि संकोचाने म्हणाले, "कागदावर द्याल काय? गावात समद्यांना कळलंय. खोटं बोलला करून काढलेत म्हणतात. घरात पोरं तोंडाकडं बघत नाहीत." मी कन्नडमध्ये लिहून, सही करून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि निघाले. दारात मात्र थबकले. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, पण मला ऐकू आलंच.

"अक्का, ह्या साहेबांची नोकरी जाईल काय ओ?"

मी मान खाली घातली. मला रडू आवरेना. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ते मी बघते. तुम्ही गाडी गाठा," म्हणत त्या अण्णांना जिन्यापर्यंत सोडून आल्या आणि तिथून वळून तडक मॅनेजरच्या खोलीत शिरल्या.